पाळकांची यादी: संगमरवरी पाटी कोरायला देण्याआधी

चर्चला शंभर-दीडशे वर्षे होत आली, की पास्टोरेट कमिटीच्या, म्हणजे चर्चचा कारभार पाहणाऱ्या समितीच्या, बैठकीत कुणीतरी सुचवते, "आजवरच्या सगळ्या पाळकांची नावे कोरून लावू या." सगळ्यांना पटते. मागच्या स्मरणिकेतली यादी उतरवून काढतात, तळाशी नंतरची चार नावे जोडतात आणि कागद पाटी कोरणाऱ्याकडे जातो. पुढच्या नाताळात एखाद्या आजी घरातला जुना बाप्तिस्म्याचा दाखला घेऊन येतात. दाखल्यावर ज्यांची सही आहे त्या पाळकांचे नाव पाटीवर नसते. संगमरवरात खाडाखोड करता येत नाही.

अशा याद्या तपासायची वेळ माझ्यावर बऱ्याचदा आली. चुका बहुतेक त्याच त्या असतात आणि त्यांचे मूळ एकच: यादी यादीवरून केलेली असते, सह्यांवरून नाही. खाली दिलेला क्रम मुंबई, पुणे, नाशिक, नगर या भागांतल्या मूळ अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतल्या, चर्चसाठी आहे. आज ही चर्च 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया', म्हणजे सीएनआयमध्ये आहेत. दोन माणसांनी दर रविवारची दुपार दिली तर काम चार-सहा महिन्यांचे आहे. महोत्सव दोन महिन्यांवर असेल तर पाटीचा नाद सोडा आणि तात्पुरता छापील तक्ता लावा.

पायरी १: चर्च मूळचे कोणाचे, ते आधी पाहा

सीएनआय २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात स्थापन झाली, तेव्हा सहा वेगवेगळ्या परंपरांच्या मंडळ्या एकत्र आल्या. त्यामुळे फाटकावर सीएनआय लिहिले आहे एवढ्यावरून चर्च अँग्लिकन होते असे ठरत नाही. नगरकडे (आताचे अहिल्यानगर) एसपीजी ही अँग्लिकन संस्था आणि अमेरिकन मराठी मिशन यांचे काम एकाच मुलखात चाले. कोल्हापुरात प्रेस्बिटेरियन मिशन होते. नाशिक-शरणपूरला सीएमएस ही मिशनरी संस्था, म्हणजे पुन्हा अँग्लिकन. एका अँग्लिकन चर्चच्या यादीत मी चक्क रेव्ह. नारायण वामन टिळकांचे नाव पाहिले. टिळक अमेरिकन मराठी मिशनचे. विचारल्यावर उत्तर मिळाले, "ते इथे कीर्तन करून गेले होते." कीर्तन केले असेलही, पण त्याने कुणी त्या चर्चचा पाळक होत नाही.

ओळखण्याची सोपी खूण म्हणजे दृढीकरणाची (बाप्तिस्मा झालेल्यांना पूर्ण सभासद करून घेण्याच्या विधीची) वही. त्या वहीत बिशपची सही दिसली तर चर्च अँग्लिकन. अमेरिकन मराठी मिशनमध्ये किंवा प्रेस्बिटेरियनांत बिशप नव्हते.

मग आपले चर्च कोणत्या काळी कोणत्या बिशपच्या हाताखाली होते, ते एका कागदावर लिहून भिंतीला लावा. पुढे कोणता कागद कुठे शोधायचा, ते यावरूनच ठरते.

- १८१४ ते १८३७: मुंबई इलाखा कलकत्त्याच्या बिशपकडे. पुण्याच्या सेंट मेरीज चर्चची प्रतिष्ठापना १८२५ मध्ये केली ती कलकत्त्याचे बिशप रेजिनल्ड हेबर यांनी.
- १८३७ पासून: मुंबईचा स्वतंत्र धर्मप्रांत (एका बिशपच्या अखत्यारीतला मुलूख), पहिले बिशप थॉमस कार. याच वर्षी मुंबईचे सेंट थॉमस चर्च कॅथिड्रल, म्हणजे बिशपचे मुख्य चर्च, झाले.
- १९०३ पासून नागपूर आणि १९२९ पासून नाशिक हे वेगळे धर्मप्रांत.
- १९३०: इथले अँग्लिकन चर्च कायद्याने चर्च ऑफ इंग्लंडपासून स्वतंत्र.
- १९७०: सीएनआय.

१८३० च्या एखाद्या नेमणुकीचा कागद मुंबईच्या बिशपच्या कचेरीत मागू नका. तेव्हा मुंबईला बिशपच नव्हता.

*इशारा:* चर्चच्या इमारतीचे वर्ष हे पहिल्या पाळकाचे वर्ष धरू नका. कुलाब्याच्या अफगाण चर्चची प्रतिष्ठापना १८५८ ची, पण कुलाब्याच्या छावणीत उपासना त्याआधीपासून साध्या छपराखाली होत होती. उलट सेंट थॉमसच्या भिंती कित्येक दशके अर्धवट उभ्या होत्या. ईस्ट इंडिया कंपनीचे चॅपलेन (नेमलेले पाद्री) रिचर्ड कॉब यांनी वर्गणी गोळा केली, तेव्हा कुठे १७१८ च्या नाताळात ते उघडले. मंडळी, इमारत आणि पाळक या तिघांची जन्मवर्षे वेगळी असतात.

पायरी २: यादीत कोण बसते, याचा नियम लिहा

ही पायरी सगळे गाळतात आणि पुढचे भांडण इथूनच सुरू होते. इंग्लंडमधल्या पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या हद्दीत, व्हिकर किंवा रेक्टर (तिथला पाळक) विधिपूर्वक पदावर बसवला जातो. त्याची तारीख बिशपच्या दप्तरात असते आणि एका माणसानंतर दुसरा अशी साखळी सहसा सापडते. आपल्याकडे तसे नव्हते. छावणीच्या आणि शहरातल्या इंग्रजी चर्चवर चॅपलेन असे. तो सरकारी नोकर, दोन-चार वर्षांनी त्याची बदली व्हायची, मधूनच तो रजेवर विलायतेला जायचा आणि त्याच्या जागी कामचलाऊ चॅपलेन यायचा. मराठी मंडळ्यांवर मिशनरी असे आणि त्याच्या हाताखाली देशी पाळक.

म्हणून आधी चार प्रकार पाडा: मुख्य पाळक, साहाय्यक, रजेच्या काळातले बदली पाळक आणि पाहुणे. पाहुण्यांना वगळा. बदली पाळक किती महिने असला तर यादीत घ्यायचा, तो आकडा कमिटीने ठरवावा आणि कागदावर सह्या कराव्यात. मी सहा महिने धरतो.

देशी पाळकांच्या बाबतीत माझे मत ठाम आहे. जुन्या इंग्रजी अहवालांत त्यांना मिशनऱ्याचे मदतनीस म्हटलेले असते आणि आपण तोच शब्द उतरवून त्यांना दुसऱ्या रांगेत बसवतो. वह्या उघडल्या की दिसते, मिशनरी जिल्हाभर दौऱ्यावर आणि आठ-आठ वर्षे बाप्तिस्मे, दफने सगळी त्या "मदतनिसा"च्या हातची. मंडळी ज्याने सांभाळली तो मुख्य पाळक. हुद्द्याच्या रकान्यात मूळ शब्द ठेवा, पण जागा त्याला पहिल्या रांगेत द्या.

*तपासा:* नियम एका पानावर लिहून झाला आहे का? नसेल तर पुढे जाऊ नका. नावे गोळा झाल्यावर नियम करायला बसलात, तर ज्याचा नातू कमिटीत आहे त्याच्या सोयीचा नियम होतो.

पायरी ३: परवानगी, आणि वह्यांना हात लावण्याआधी

सध्याचे पाळकसाहेब आणि कमिटी यांच्याकडे लेखी अर्ज द्या. त्यात स्पष्ट लिहा की तुम्हाला फक्त पाळकांची नावे आणि तारखा हव्या आहेत, जागेचे कागद नकोत. चर्चच्या जमिनींवरून इतके वाद झाले आहेत की जुने कपाट उघडा म्हटले की लोक दचकतात. त्यांची भीती अगदी खोटीही नसते.

कपाट उघडायचे ते कोरड्या दिवसांत, दिवाळीनंतर. पावसाळ्यात दमट झालेली पाने एकमेकांना चिकटतात आणि ओढली की फाटतात. हात धुऊन कोरडे करा. शाईचे पेन त्या टेबलावर आणू नका, पेन्सिल वापरा. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नका आणि पान लॅमिनेट तर मुळीच करू नका. झेरॉक्सच्या काचेवर वही उलटी दाबली की शिवण उसवते. मोबाइलने वरून फोटो काढलेला बरा.

*इशारा:* बाप्तिस्म्याच्या वहीत अनाथ मुले, विवाहाबाहेरचे जन्म, धर्मांतरापूर्वीची नावे आणि जाती लिहिलेल्या असतात. तुम्हाला हवी ती सही आणि तारीख. अलीकडच्या शंभर वर्षांतल्या पानांचे पूर्ण फोटो काढू नका, सहीचा रकाना तेवढा टिपा. असे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरून घराघरांत भांडणे लागलेली मी पाहिली आहेत.

पायरी ४: सह्या वाचा, दफनापासून सुरुवात करून

सगळे बहुतेक विवाहाच्या वहीपासून सुरू करतात, कारण ती नीटनेटकी असते. तीच सगळ्यात फसवी. लग्न लावायला मुलीचा काका येतो, मुंबईचा ओळखीचा पाद्री येतो, कधी खुद्द बिशप येतात. दफनाला पाहुणा पाळक कोण बोलावणार? आपल्या हवेत माणूस गेला की दुसऱ्या दिवसाच्या आत दफन व्हायचे. त्या दिवशी जो गावात होता त्याचीच सही पडली. म्हणून दफनाची वही आधी, बाप्तिस्म्याची नंतर आणि विवाहाची शेवटी.

उपासनेची वही सापडली तर तुमचे नशीब. तिच्यात दर रविवारी प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षारसाचा विधी) कोणी दिले, उपदेश कोणी केला, किती जणांनी भाग घेतला आणि दानाचे किती जमले, हे ओळीने असते. ती असेल तर इतर वह्या फक्त ताळ्यासाठी वापरा.

प्रत्येक सहीसाठी आपल्या वेगळ्या वहीत एक ओळ घाला: वहीचे नाव, पान, तारीख, नाव जसे लिहिले आहे अगदी तसे, आणि नावापुढचा हुद्दा. नाव "सुधारून" लिहू नका, ते काम पायरी ७ चे. प्रत्येक नोंद उतरवायची गरज नाही. एका माणसाची पहिली सही, शेवटची सही आणि मधल्या प्रत्येक वर्षातली एक, एवढे पुरे. मात्र दोन माणसांच्या सांध्याच्या आगेमागे सहा-सहा महिने सगळ्या सह्या उतरवा. खरी गुंतागुंत तिथेच असते.

आता नेहमीचे घोटाळे.

*"श्री. बॉम्बे" कोण?* अँग्लिकन बिशप सही करताना आडनाव लिहीत नाहीत, धर्मप्रांताचे नाव लिहितात. थॉमस कार यांची सही "टी. बॉम्बे" अशी होते. एका हौशी यादीत हे श्री. बॉम्बे पंधरा वर्षे पाळक होते! "नासिक", "नागपूर" अशी आडनावे दिसली तरी हेच समजा.

*कलेक्टर आणि कॅप्टन.* पाळक जवळपास नसेल तर लष्करी अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेट प्रार्थनापुस्तकातून दफनविधी वाचत आणि वहीत सही करत. सहीखाली हुद्दा असतो, तो वाचल्याशिवाय नाव उचलू नका.

*डिकन.* गुरुदीक्षा दोन टप्प्यांत होते. आधी डिकन, मग साधारण वर्षभराने प्रीस्ट. डिकन दफन करू शकतो आणि प्रीस्टच्या गैरहजेरीत बाप्तिस्माही देऊ शकतो, पण प्रभुभोजन पवित्र करू शकत नाही. त्यामुळे बाप्तिस्म्यांवर वर्षभर एकाची सही आणि प्रभुभोजनाला दुसराच, असे दिसले तर पहिला बहुधा डिकन आहे आणि मुख्य पाळक दुसरा.

*हंगामी चर्च.* महाबळेश्वर, माथेरान, खंडाळा इथल्या वह्या एप्रिल-मे महिन्यांत सह्यांनी भरलेल्या आणि पावसाळ्यात कोऱ्या. गव्हर्नरांचा लवाजमा उन्हाळ्यात महाबळेश्वरी आणि पावसाळ्यात पुण्यात असे, आणि त्यांच्याबरोबर पाद्रीही हलत. अशा चर्चची सलग यादी करायचा अट्टहास सोडा. हंगामवार तक्ता करा.

*तपासा:* ज्यांची फक्त एक-दोन विवाहांवर सही आहे, अशी नावे वेगळी काढली का? ती पाहुण्यांची चिठ्ठी. फाडू नका, पुढे लागते.

पायरी ५: चर्चच्या भिंती आणि दफनभूमी

एका सकाळचे काम. पितळी पाट्या, बाप्तिस्म्याच्या कुंडावरची अक्षरे, घंटेवरचा मजकूर, रंगीत काचांखालची अर्पणाची ओळ, आणि पदावर असताना वारलेल्या पाळकांच्या कबरी. झिजलेली अक्षरे खडूने किंवा चुन्याने भरू नका, घासू नका. सकाळी नऊच्या आत तिरप्या उन्हात फोटो काढा, अक्षरे आपोआप उठून दिसतात. कबरीवरचे वर्ष आणि दफनाच्या वहीतले वर्ष वेगळे निघाले तर वहीवर विश्वास ठेवा. दगड बऱ्याचदा घरच्यांनी पुढे कधीतरी बसवलेला असतो.

पायरी ६: बाहेरचे कागद

वह्या वाळवीने खाल्ल्या असतील तरी सगळे संपले असे नाही. मुंबई इलाख्यातले बाप्तिस्मे, विवाह आणि दफने यांचे उतारे लंडनला पाठवले जात. १७०९ पासूनचे हे उतारे ब्रिटिश लायब्ररीत आहेत, मुंबईच्या मालिकेचा क्रमांक एन/३. त्यांतले बरेच आता फाइंडमायपास्ट या वेबसाइटवर पाहता येतात. पण एक लक्षात ठेवा: तिथली अनुक्रमणिका मुलाच्या, नवऱ्यामुलाच्या किंवा मयताच्या नावाने आहे. पाळकाचे नाव शोधपेटीत टाकून काही मिळत नाही. आपल्या गावाचे नाव आणि वर्ष टाका, कुठलीही नोंद उघडा आणि मूळ पानाचे चित्र पाहा. विधी कोणी केला, तो रकाना त्या पानावर असतो.

चॅपलेन सरकारी नोकर होते, म्हणून त्यांच्या नेमणुका, बदल्या आणि रजा मुंबई सरकारच्या गॅझेटमध्ये छापून येत. धर्मखात्याची दप्तरे मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या महाराष्ट्र राज्य अभिलेखागारात आहेत. तिथे जाताना वर्ष आणि नाव नक्की करून जा. "आमच्या चर्चबद्दल काही आहे का?" असे विचारलेत तर दिवस फुकट जाईल.

मिशनरी आणि मराठी पाळक यांचा माग वेगळ्या वाटेने लागतो. सीएमएसचे कागद बर्मिंगहॅम विद्यापीठात आणि एसपीजीचे ऑक्सफर्डच्या बोडलियन लायब्ररीत आहेत. सीएमएसने १८०४ ते १९०४ या काळातल्या आपल्या मिशनऱ्यांची छापील नोंद काढली होती आणि तीत देशी पाळकही आहेत. नाशिक भागातल्या चर्चने आधी ती पाहावी.

इंग्रज पाळकांसाठी क्रॉकफर्डची डिरेक्टरी, म्हणजे अँग्लिकन पाळकांची छापील सूची. ती १८५८ पासून निघते. तीत माणसाचे शिक्षण, डिकन आणि प्रीस्ट झाल्याची वर्षे आणि आजवरच्या नेमणुका अगदी आखूड अक्षरांत असतात. माहिती बहुतेक पाळकांनी स्वतः कळवलेली, म्हणून ती मागे पडते. १८८५ च्या आवृत्तीत तुमच्या चर्चचे नाव आहे म्हणून माणूस १८८५ मध्ये इथेच होता असे लिहू नका. मराठी पाळकांसाठी तिच्यावर भिस्त ठेवू नये.

*इशारा:* बाहेरच्या कागदावरून मिळालेले नाव वहीतल्या एकाही सहीशी जुळत नसेल, तर ते पाटीवर घ्यायचे नाही. नेमणूक झाली पण माणूस रुजूच झाला नाही, असे पुष्कळदा होई. कुणी बोटीवरच आजारी पडला, कुणाची वाटेतच दुसरीकडे बदली झाली.

पायरी ७: एक माणूस, अनेक नावे

आता नावे एकत्र करा. इंग्रजांत एकच आडनाव आणि एकच आद्याक्षर असलेले दोन पाळक सहज निघतात, कधी बापलेक, कधी नुसता योगायोग. दीक्षेचे वर्ष आणि हस्ताक्षर दोन्ही जुळल्याशिवाय एक माणूस धरू नका. डिकन होण्याचे किमान वय तेवीस आणि प्रीस्ट होण्याचे चोवीस, हा हिशेबही कामी येतो.

मराठी नावांचा गुंता उलटा असतो. एकाच माणसाची तीन-चार रूपे सापडतात: बाप्तिस्म्याआधीचे नाव, नंतरचे बायबलमधले नाव, आणि इंग्रज कारकुनाने कानाला ऐकू आले तसे लिहिलेले आडनाव. नीलकंठशास्त्री गोऱ्हे आणि फादर नेहेम्या गोरे हे एकच, हे माहीत नसणारा त्यांना दोन ओळी देईल. वडिलांचे नाव कधी मधे, कधी आडनावाच्या जागी. इथे हस्ताक्षर हाच मोठा पुरावा. सहीतल्या एखाद्या अक्षराची लकब तीस वर्षे बदलत नाही.

पाटीवर नाव त्या माणसाने स्वतः सही करताना लिहिले तसे घ्या. इंग्रज नाव मराठीत लिहिताना उच्चार शोधा, स्पेलिंग वाचून अक्षरे लावू नका.

पायरी ८: सांधे आणि खिंडारे

सगळी नावे वर्षांच्या पट्टीवर मांडा. दोन नावांच्या मध्ये मोकळी जागा राहील तिथे हात शिवशिवतात. मागच्याची मुदत थोडी पुढे ओढावी, पुढच्याची मागे सारावी, आणि यादी सलग दिसावी. असे करू नका. "पद रिक्त" एवढेच लिहा. रिक्त काळात पाहुण्यांच्या चिठ्ठीतली नावे तपासा, बऱ्याच वेळा शेजारच्या चर्चचे पाळकच महिन्यातून एकदा येऊन जात असत.

रजेवर जाऊन परत आलेल्या माणसाला दोन ओळी द्या आणि मधली ओळ बदली पाळकाची. एकच लांब मुदत लिहिली तर मधला माणूस नाहीसा होतो. आजींच्या दाखल्यावरचे पाळक बहुधा असेच हरवलेले असतात.

वर्षाच्या आधी "सुमारे" कधी लिहायचे? नेमणुकीचा कागद मिळाला नाही आणि तारीख फक्त पहिल्या सहीवरून ठरवली असेल तेव्हा. मुंबईच्या अगदी जुन्या नोंदींत आणखी एक खोच आहे. १७५२ पूर्वी इंग्रजी वर्ष २५ मार्चला सुरू होई. तिथला "फेब्रुवारी १७१८" आपल्या हिशेबाने फेब्रुवारी १७१९ असतो. हा घोटाळा सेंट थॉमसखेरीज फार थोड्यांच्या वाट्याला येतो.

*तपासा:* प्रत्येक ओळीसमोर निदान एका कागदाचे नाव आणि पान आहे का? ज्या ओळीसमोर फक्त "जुनी स्मरणिका" आहे, ती ओळ पेन्सिलीने वेगळी खूण करून ठेवा.

पायरी ९: पाटी कोरायला देताना

पहिल्या वर्षी पाटी कोरूच नका. यादी मोठ्या अक्षरांत छापून दारापाशी लावा, शेजारी एक वही आणि दोरीने बांधलेली पेन्सिल ठेवा. ख्रिस्तजयंतीला बाहेरगावचे सभासद येतात, त्यांच्या घरी दाखले, लग्नाचे फोटो, पाळकांची पत्रे असतात. एका चर्चमध्ये अशा वहीतून तीन नावे मिळाली. दोघांच्या सह्या नंतर चर्चच्या जुन्या वह्यांतही सापडल्या, तिसऱ्या नावाच्या सापडल्या नाहीत, म्हणून ते घेतले नाही. ते सुचवणारे गृहस्थ अजून माझ्याशी बोलत नाहीत.

हुद्दे त्या त्या काळचे ठेवा. १८६० च्या चॅपलेनला प्रेस्बिटर (सीएनआयमधला पाळकाचा हुद्दा) म्हणू नका आणि १९७० नंतरच्या प्रेस्बिटरला व्हिकर. "रेव्ह." सगळ्यांना लावा किंवा कुणालाच लावू नका. गोऱ्यांना रेव्ह. आणि मराठी पाळकांना नुसते नाव, अशी पाटी मी पाहिली आहे.

तळाशी निदान दहा ओळींची जागा मोकळी सोडा. कोरणाऱ्याकडून आधी कागदावर पूर्ण आकाराचा नमुना घ्या आणि तो दोन वेगवेगळ्या माणसांनी, एकाने नावे आणि दुसऱ्याने फक्त आकडे, मोठ्याने वाचून ताडून पाहावा. पुराव्यांची वही, फोटोंची पेनड्राइव्ह आणि पायरी २ चा सह्यांचा कागद एका पेटीत घालून वह्यांच्याच कपाटात ठेवा. पेटीच्या झाकणावर लिहा: "पाटीवरच्या नावांचे पुरावे."